ट्रायबल आणि फ्यूजन बेली डान्सचा वेश: घागऱ्याच्या नाडीपासून पट्ट्याच्या गोंड्यापर्यंत

ट्रायबल बेली डान्समध्ये चार-पाच जणी एकत्र नाचतात, पण पुढची चाल कोणती येणार हे आधी ठरलेलं नसतं. डावीकडे सर्वांत पुढे उभी असलेली नर्तकी हाताच्या किंवा डोक्याच्या बारीक खुणेने चाल सुचवते. मागच्या जणी तिची उजवी बाजू, उघडी पाठ आणि कोपरं बघून त्याच ठोक्याला ती उचलतात. वेश एवढा भरगच्च असूनही पाठ आणि पोट मोकळं का, गोंडे कंबरेच्या बाजूंनाच का, घागऱ्याला इतका घेर कशाला, या सगळ्याचं कारण यातच आहे. कापड निवडताना, कापताना, टाचताना एकच प्रश्न विचारत राहायचा: हा थर कोणती हालचाल दाखवतो आणि कोणती झाकतो?

हा वेश जुळला तो कॅलिफोर्नियात. जमिला सालिमपूर यांनी १९६८ मध्ये ‘बाल अनात’ हा संच तिथल्या रेनेसाँ जत्रेसाठी उभा केला. त्यांच्या शिष्या माशा आर्चर या मूळच्या चित्रकार आणि शिल्पकार. त्यांनी चोळी, सलवारीसारखी विजार, डोक्याला फेटा आणि देशोदेशीचे जुने दागिने असा सगळ्या संचाचा मिळून एक वेश केला. त्यांच्याकडे शिकलेल्या कॅरोलेना नेरिचियो यांनी १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘फॅटचान्सबेलीडान्स’ सुरू केलं आणि ‘अमेरिकन ट्रायबल स्टाइल’ जगभर गेली. २०२० पासून हीच शैली ‘एफसीबीडी स्टाइल’ या नावाने शिकवली जाते, कारण ‘ट्रायबल’ या शब्दावर रास्त आक्षेप होते: हा नाच कुठल्याच जमातीचा नाही. शिवणकामात जुनंच नाव रुळलेलं आहे, म्हणून इथेही तेच वापरलं आहे.

मराठी वाचकाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. चोळी आणि घागरा राजस्थान-कच्छकडचे, आरसेकाम आणि कवड्यांचे गोंडे बंजाऱ्यांचे, मोठी पदकं अफगाणिस्तानातल्या कुची भटक्यांची, जाळीदार चमकतं कापड इजिप्तच्या असयूत शहराचं. निम्म्या वस्तू आपल्या कापडबाजारात सहज मिळतात, शिवाय आपल्या शिंप्याला नेफा, मियानी, चुण्या हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

घालण्याचा क्रम आधी लक्षात घ्या, कारण मापं त्याच क्रमाने घ्यायची असतात. सर्वांत आत विजार, वर घागरा (कधी दोन), मग चोळी, चोळीवर नाण्यांची ब्रा, कंबरेला झालरीची शाल, शालीवर गोंड्यांचा पट्टा, शेवटी दागिने आणि केसांतली फुलं. पट्ट्याचं माप उघड्या अंगावर घेतलं तर घागऱ्याच्या नेफ्यावर आणि शालीच्या गाठीवर तो ५ ते ७ सेंटिमीटर अपुरा पडतो. सर्वाधिक होणारी चूक हीच.

घागरा

‘२५ यार्डांचा घागरा’ ऐकून लोक २५ यार्ड कापड आणायला निघतात. तो आकडा सर्वांत खालच्या थराच्या घेराचा असतो. चार थरांचा, साधारण २३ मीटर घेराचा घागरा ४४ इंची पन्ह्याच्या साडेनऊ मीटर कापडात बसतो. पहिल्यांदा शिवणाऱ्यांनी मात्र १० यार्डांचा, म्हणजे ९ मीटर घेराचा करावा. गिरकीत तो उत्तम उघडतो, वजन निम्मं असतं आणि चुण्या हाताबाहेर जात नाहीत.

कापड साधं, मऊ, पूर्ण सुती हवं: केंब्रिक किंवा पातळ पॉपलिन. क्रेप आणि जॉर्जेट अंगाला चिकटतात आणि गिरकीनंतर पायांत गुंडाळतात. ब्रोकेड ताठ उभं राहतं, घागऱ्याची लाटच मोडते. विकत आणलेलं कापड कापण्याआधी धुऊन वाळवून घ्या. सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं, आणि चार थरांतला प्रत्येक थर आटला की घागरा घोट्यावरून पोटरीवर जातो.

खालचा हिशेब हिपचा घेर १०० सेंमी आणि घागऱ्याची तयार उंची ९२ सेंमी धरून केला आहे. उंची कंबरेपासून मोजायची नाही. बेंबीखाली चार बोटं, जिथे नाडी हिपच्या हाडांवर टेकते, तिथपासून घोट्याच्या हाडापर्यंत मोजा. प्रत्येक थर तयार झाल्यावर २३ सेंमीचा.

१. सर्वांत वरच्या थराचा घेर हिपपेक्षा ५० सेंमी जास्त, म्हणजे १.५ मीटर. पुढचा प्रत्येक थर आधीच्याच्या साधारण १.८ पट: २.७ मीटर, ४.९ मीटर आणि ९ मीटर.

२. कापडाच्या पन्ह्यात आडव्या पट्ट्या पाडा. ४४ इंची पन्हा जोडशिलाई जाऊन १०७ सेंमी देतो. वरच्या थराला २ पट्ट्या, मग ३, ५ आणि ९, अशा एकूण १९. वरच्या पट्ट्यांची उंची २८ सेंमी (त्यात ४ सेंमी नेफ्याचे), मधल्या दोन थरांच्या २५ आणि खालच्या २६. सगळं मिळून ४.९ मीटर कापड. आटणं आणि चुका धरून साडेपाच मीटर घ्या. साधं विणलेलं सुती कापड काठाला चीर देऊन हाताने फाडलं तर पट्टी आपोआप सरळ निघते. कात्रीने नऊ पट्ट्या एकसारख्या कापणं फार अवघड. फाडल्यावर वळलेल्या कडांवरून इस्त्री फिरवा.

३. एकेका थराच्या पट्ट्या जोडून कडी करा, जादा लांबी छाटा. आतल्या शिवणींना ओव्हरलॉक हवंच, कारण नाचताना कापड सतत मांडीवर घासतं आणि उघडी कड महिन्याभरात सुटते.

४. चुण्या घालण्याआधी दोन्ही थरांचे आठ-आठ समान भाग करून खडूची खूण करा. खालच्या थराचा ११३ सेंमीचा एक भाग वरच्या थराच्या ६१ सेंमीत बसवायचा आहे. मशीनची टीप ५ मिमी लांब ठेवून कडेपासून ६ आणि १२ मिमीवर अशा दोन ओळी टाका, आणि प्रत्येक भागाचा दोरा वेगळा ठेवा. नऊ मीटरभर एकच दोरा ओढायला गेलात तर तो हमखास मधेच तुटतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. जाड कापडाला दुसरी रीत बरी: कडेलगत जाड क्रोशाचा दोरा ठेवून त्यावरून झिगझॅग टीप मारायची. टीप दोऱ्यात अडकू द्यायची नाही. मग तो दोरा ओढायचा.

५. खुणेला खूण लावून टाचा, चुण्या बोटांनी सारख्या करा आणि नेहमीच्या टिपेने जोडा. शिलाईचा दाब, म्हणजे शिवणीची आतली जादा कड, वरच्या थराकडे वळवून एक वरटीप मारा. ती नसेल तर आतलं कापड गिरकीत उलटं होऊन बाहेर डोकावतं.

६. नेफ्यात नाडी घाला, इलॅस्टिक नको. ९ मीटर घेराचा घागरा अर्धा किलो भरतो, २३ मीटरचा किलोभर. या वजनाने इलॅस्टिक पहिल्याच शिमीत, म्हणजे कंबर जलद थरथरवण्याच्या चालीत, खाली सरकतं. नाडीचं तोंड बाजूला ठेवा. पोटाच्या मधोमध गाठ आली तर पोटाची प्रत्येक लहर गाठीपाशी अडखळलेली दिसते. दोन घागरे घालत असाल तर एकाची गाठ डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, म्हणजे पट्टा सपाट बसतो.

२३ मीटर घेराला पट १.८ ऐवजी जवळपास २.५ घ्या: १.५, ३.७, ९.२ आणि २२.९ मीटर. पट्ट्या अनुक्रमे २, ४, ९ आणि २२. कापड साडेनऊ मीटर, आणायचं साडेदहा. आठऐवजी सोळा भाग करा.

खालच्या काठाला जड जरीची लेस लावायचा मोह आवरा. वजनदार काठ गिरकीत छान वर जातो खरा, पण थांबताना घोट्यांवर आपटतो आणि पुढच्या पावलाला पायांत येतो. रंगाची हौस असेल तर तळाचा थर वेगळ्या रंगाचा करा.

घागऱ्याची कड दोन्ही बाजूंनी उचलून पट्ट्यात खोचायची पद्धत आहे. त्याने आतली विजार दिसते आणि पावलं मोकळी होतात. खोचायची जागा आधी ठरवून तिथे आतून लहानसा टाका घालून ठेवला की दोन्ही बाजूंची उंची सारखी राहते.

विजार

ही सर्वांत सोपी. प्रत्येक पायाला पन्हाभर रुंदीचं कापड, लांबी हिप ते घोटा अधिक १५ सेंमी, वर नेफ्यासाठी ५. मध्ये २५ सेंमीची चौकोनी मियानी, म्हणजे दोन पायांमधला जोडतुकडा. अडीच मीटर पुरतं. जादा १५ सेंमी कापतानाच ठेवा, कारण गुडघे वाकवल्यावर विजार वर सरकते आणि घोट्याचं इलॅस्टिक पोटरीला घट्ट बसतं. मियानी गाळली तर पहिल्याच खोल बैठकीत मधली शिवण उसवते. घोट्याला १.५ सेंमी रुंदीचं मऊ इलॅस्टिक चालतं.

चोळी

या चोळीची पाठ उघडी असते. मानेमागे एक नाडी आणि छातीखालच्या पट्टीला एक. बाही कोपरापर्यंत किंवा मनगटापर्यंत. सगळं कौशल्य काखेत आहे. ट्रायबलमध्ये हात बराच वेळ खांद्याच्या उंचीवर किंवा डोक्यावर असतात. नेहमीच्या ब्लाउजची बाही हात खाली ठेवून बेतलेली असते, त्यामुळे हात वर गेला की छातीखालची पट्टी दोन-तीन इंच वर चढते. उपाय असा: बाही आणि अंग जिथे भेटतात तिथे काखेखाली १० ते १२ सेंमीचा चौकोनी तुकडा तिरपा बसवायचा. तो उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेत, कापलेला असला तर आणखी चांगलं.

आधी मांजरपाटाची कच्ची चोळी शिवा, दोन्ही हात वर करून आरशासमोर दहा आकडे मोजा. पट्टी हलली तर चौकोन २ सेंमी वाढवा. हात खाली आणल्यावर काखेत बोचका दिसला तर कमी करा. कापड एक ते सव्वा मीटर. चार टक्क्यांहून अधिक लायक्रा असलेलं सुती होजियरी वापरलं तर चौकोन न लावताही भागतं, मात्र छातीखालची पट्टी न ताणणाऱ्या कापडाचीच हवी. नाण्यांच्या ब्राचा भार तिच्यावर येतो.

नाण्यांची ब्रा

कडक कपची साधी ब्रा घ्या. माप चोळीवरून, म्हणजे बहुधा एक नंबर मोठं. तिचे ताणणारे पट्टे आणि मागची पट्टी सरळ कापून टाका आणि त्याजागी दुहेरी कॅनव्हासचे पट्टे लावा. शंभरेक नाणी इलॅस्टिकवर लटकली तर पहिल्या गाण्याअखेर ब्रा दोन बोटं खाली आलेली असते. खांद्याचे पट्टे सरळ वर नेण्याऐवजी मानेमागे बांधले तर पाठ मोकळी दिसते, पण मोठ्या मापाला सगळं वजन मानेवर येऊन डोकं दुखतं. तिथे पाठीवर फुलीसारखे पट्टे घ्यावेत.

कपवर सुती कापड चढवून मगच नाणी लावा, आणि ती खालून वर. कौलं शाकारतात तशी वरच्या ओळीने खालच्या ओळीचे टाके झाकले पाहिजेत. काजाचा दोरा मेणातून ओढून घ्या, प्रत्येक नाण्याला तीन वेढे आणि स्वतंत्र गाठ. एका लांब दोऱ्यात ओवलेली ओळ एकदा तुटली की रंगमंचभर नाणी पसरतात, आणि सगळ्या अनवाणी असतात. नाण्यांच्या भोकाच्या कडा धारदार असतील तर बारीक कानसने घासा, दोरा तिथेच कापला जातो. हलक्या धातूच्या जुन्या दागिन्यांत बऱ्याचदा निकेल असतं आणि कधी जोडाच्या डागात (सोल्डरमध्ये) शिसं, म्हणून अंगाला लागणाऱ्या बाजूला सुती अस्तर हवंच.

गोंड्यांचा पट्टा

सरळ पट्टी कापून केलेला पट्टा वरच्या कडेला उघडा पडतो, कारण हिप खाली रुंदावत जातो. विजार, घागरा, शाल घालून वरच्या कडेचा घेर घ्या, मग १० सेंमी खालचा. समजा वर ९२ आणि खाली १०० आला. कागदाच्या सरळ पट्टीला खालून आठ ठिकाणी उभी चीर द्या, प्रत्येक चीर १ सेंमी उघडा, आणि जी वाकडी पट्टी तयार होईल तोच तुमचा नमुना. जीन्सच्या कापडाचे दोन थर, मध्ये बक्रम, आतून सुती अस्तर. दोन्ही टोकांत ५ ते ८ सेंमी अंतर सोडून पँटचे मोठे हूक दोन ओळींत लावा आणि शेजारी नाडीची भोकंही ठेवा. अंग वर्षभर एकाच मापाचं राहत नाही.

गोंड्यांना लोकर खरीच घ्या. अॅक्रिलिक स्वस्त असते, पण काही प्रयोगांत फुलारून जटा होतात आणि ती हवेत तरंगते. खरी लोकर जड पडते, म्हणून कंबर थांबली की एका ठोक्यानंतर थांबते. हालचाल मोठी वाटते ती त्या उशिरामुळेच. ४५ सेंमीच्या पुठ्ठ्यावर ४० वेढे घ्या: एका गोंड्याला ३६ मीटर, दहा गोंड्यांना ३६० मीटर, मध्यम जाडीची लोकर साधारण पावणेदोनशे ग्रॅम. गोंड्याचा गळा घट्ट आवळून त्यावर कवडी, मणी किंवा आरशाची टिकली बसवा. पाच उजव्या हिपच्या हाडापाशी, पाच डाव्या. पुढे मधोमध लांब गोंडा टाळा, तो पोट झाकतो आणि गुडघ्यात अडकतो. ट्रायबलच्या बहुतेक चाली उजव्या कंबरेने सुरू होतात आणि प्रेक्षकांकडेही तीच बाजू वळलेली असते, त्यामुळे सर्वांत चांगले तुकडे उजवीकडे लावा.

कवड्या घेताना मागून घासून सपाट केलेल्या घ्या. त्या बूड टेकून बसतात आणि दोन ठिकाणी टाका घालता येतो. पाठीमागे मधोमध, माकडहाडावर, कवडी किंवा धातूचं पदक नको: पाठीवर झोपण्याच्या चालींत ते फुटतं किंवा रुततं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कवड्यांची माळ आपल्याकडे तुळजाभवानीची खूण आहे, नवसाने घातली जाते. तशी माळ तोडून पट्ट्यावर लावू नये, सुट्या कवड्या बाजारात मिळतात. बंजारा बायकांचे जुने भरतकामाचे कपडे कापून तुकडे विकण्याचा धंदाही जोरात आहे. शक्य असेल तिथे आज भरतकाम करणाऱ्या बंजारा बाईकडून नवीन पट्टी करून घ्या आणि तिला मजुरी पूर्ण द्या. गोंदणाची नक्षी चेहऱ्यावर काजळाने काढायची फॅशन पूर्वी होती, आता बऱ्याच संचांनी ती सोडली आहे आणि ते योग्यच झालं.

फ्यूजनचा वेश

फ्यूजनमध्ये बहुधा एकटीचा नाच, ठरवून बसवलेला, आणि स्नायूंचं अगदी बारीक काम. रेचल ब्राइस यांच्यासारख्या नर्तकींनी घागरा बाजूला ठेवून मांडीला घट्ट आणि गुडघ्याखाली घेरदार अशी पँट आणली ती याचसाठी. मार्डी लव्ह यांच्या हातचे कवड्या, गोंडे आणि जुन्या दागिन्यांचे पट्टे आजही अनेकींचा नमुना आहेत.

पँटचं कापड सुती लायक्रा, ताण आडवा अंगाभोवती येईल असं कापा. उभा ताण घेतला तर प्रत्येक बैठकीत पँट खाली ओढली जाते. घेर गुडघ्याच्या ५ सेंमी वर सुरू करा, तळाशी ६० ते ७५ सेंमी ठेवा, लांबी अनवाणी उभं राहून जमिनीपासून १ सेंमी वर. शिवणीला झिगझॅग किंवा ताणणारी टीप, साधी टीप तट्कन तुटते. गडद आणि बिनचमकीचा रंग पोटाच्या हालचालीला उठाव देतो. इथे पट्टा ट्रायबलपेक्षा अरुंद आणि हलका, ६ सेंमीचा पुरे, कारण मांडीची रेषा दिसायला हवी.

असयूतची शाल मिळाली तर तिला कात्री लावू नका. सुती जाळीत धातूच्या पट्ट्या दुमडून केलेलं ते काम कापल्यावर कडेने सुटत जातं. दुमडून टाचा. टांगून ठेवली तर स्वतःच्या वजनाने लांबते, म्हणून मलमलीत गुंडाळी करून ठेवा. नाण्यांच्या कडांपासून दूर.

झिल आणि चढवल्यानंतरची तपासणी

बोटांत अडकवायच्या छोट्या झांजा, म्हणजे झिल, अंगठ्यात आणि मधल्या बोटात, नखाच्या मुळापाशी बसतात. ट्रायबलला ५७ ते ६४ मिमी व्यासाच्या जड झिल लागतात. इलॅस्टिक १ सेंमी रुंद, पिनेने न अडकवता शिवलेलं. हात झटकल्यावर झिल हलली तर सैल, बोटाचं टोक दोन मिनिटांत निळसर पडलं तर घट्ट. बाहीचं टोक झिलेत अडकत असेल तर बाही मनगटाआधी ३ सेंमी संपवा.

सगळं चढवून पाच मिनिटं सलग शिमी करा, मग हात वर, मागे वाकणं, खोल बैठक, दोन्ही बाजूंना गिरक्या. पट्टा फिरत असेल तर तो घागऱ्याच्या नेफ्याला चार ठिकाणी सेफ्टी पिनने अडकवा: दोन बाजूंना, दोन मागे. एका मैत्रिणीला मागे उजवीकडे उभं करून विचारा, तुमची कोपरं आणि कंबर तिला दिसते का. केसांतली मोठी फुलं किंवा खांद्यावरची शाल बऱ्याचदा नेमकी खूण झाकते, आणि हे स्वतःला आरशात कळत नाही.

प्रयोगानंतर पट्टा आणि ब्रा धुवायची नाही. नाट्यसंस्थांच्या वेशभूषा विभागात करतात तसं आतल्या अस्तरावर साध्या, बिनवासाच्या व्होडकाचा फवारा मारून पंख्याखाली उलटं वाळवा. लोकरीला तो लागू देऊ नका. दागिने कोरड्या ब्रशने झाडा, ओल राहिली तर हिरवा गंज कापडात उतरतो. गोंडे बोटांनी विंचरून कागदात गुंडाळा. आणि वेशाच्या पिशवीत कायम असू द्या: डझनभर सेफ्टी पिना, मेण लावलेला दोरा ओवलेल्या दोन सुया, झिलचं जादा इलॅस्टिक, एक सुटी नाडी.